'पेपर छापून आलाय' म्हणजे नक्की काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावर तर जास्तच, लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. कुणाच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण असतं, कुणी मोबाइल पुढे करून 'सर, हे खरं का?' म्हणतं, कुणाच्या सुनेला पीएच.डी.साठी पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापायचा असतो. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. उदाहरणं भौतिकशास्त्रातली आणि जीवशास्त्रातली मुद्दाम मिसळून घेतली आहेत. दोन्हींच्या रीती बऱ्याच वेगळ्या आहेत आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो.

पेपर आणि पाठ्यपुस्तकातला धडा यांत फरक काय?

धडा वाद मिटल्यावर लिहितात, पेपर वाद चालू असताना. 'आम्ही हे केलं, या उपकरणाने केलं, हे आकडे आले, त्यावरून आम्हाला असं वाटतं' एवढंच पेपर म्हणतो. पावत्यांसकट मांडलेला दावा म्हणा ना.

ही रीत साडेतीनशे वर्षांपूर्वीची. मार्च १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं. त्याआधी शास्त्रज्ञ एकमेकांना पत्रं लिहीत, किंवा शोध चक्क लपवून ठेवत. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीबद्दलचं आपलं निरीक्षण अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखं पाठवलं होतं. उद्या दुसऱ्या कुणी तोच दावा केला तर 'मी आधी पाहिलंय' म्हणता यावं, पण आज कुणाला कळू नये! नियतकालिकामुळे पहिलेपणाचा मान आणि उघडपणा एकत्र नांदायला लागले. रामन यांचंच बघा. रामन-कृष्णन यांनी १६ फेब्रुवारी १९२८ ही तारीख घालून पाठवलेलं टिपण ३१ मार्चच्या 'नेचर'मध्ये छापूनही आलं. त्या काळी कोलकात्याहून टपाल बोटीने जायचं, हे लक्षात घेतलं तर ती घाई केवढी होती ते कळतं.

छापण्याआधी पेपर कोण तपासतं?

संपादक आधी स्वतः बघतो. बरेच पेपर तिथूनच परत जातात. उरलेले त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन जणांकडे जातात. त्यांना परीक्षक किंवा रेफरी म्हणतात. लेखकाला त्यांची नावं सहसा कळत नाहीत आणि या कामाचे त्यांना पैसेही मिळत नाहीत. ते शंका काढतात, लेखक उत्तरं देतो, पुन्हा शंका येतात. यात तीन महिने सहज जातात, वर्षही जातं. 'दुसरा रेफरी' हा संशोधकांच्या जगात आपल्याकडच्या खाष्ट सासूइतकाच विनोदाचा विषय आहे.

पण लोकांचा मोठा गैरसमज वेगळाच आहे. परीक्षक प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. हिशेबनीस वह्या तपासतो, गोदामात जाऊन पोती मोजत नाही, तसंच हे. बेरीज चुकली, तुलनेसाठीचा नियंत्रण गट नाही, निष्कर्ष आकड्यांच्या पुढे पळतोय, हे त्यांना दिसतं. आकडेच बनावट असले तर ते बहुधा निसटतात.

आइन्स्टाइनचे पेपर कुणी तपासले असतील?

हा प्रश्न एका नववीतल्या मुलीने विचारला होता, आणि मला तो फार आवडला. १९०५ च्या सुमारास आजच्यासारखी पद्धत नव्हती, संपादकच ठरवायचे. पण १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक पेपर पाठवला. त्यांचा दावा असा, की गुरुत्वीय लहरी (प्रचंड वस्तू हलल्यामुळे अवकाशात उठणारे तरंग) अस्तित्वातच नाहीत. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे पाठवला. परीक्षकाने लांबलचक अहवाल लिहून चूक दाखवली. आइन्स्टाइन भडकले. मी छापायला पाठवला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायला नाही, असं त्यांनी कळवलं आणि पेपर परत घेतला. पुन्हा त्या नियतकालिकाकडे त्यांनी शोधनिबंध पाठवला नाही.

परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांचा आक्षेप बरोबर होता. पेपर १९३७ मध्ये दुसरीकडे छापून आला तेव्हा त्यातला निष्कर्ष उलटा झालेला होता. पुढची गंमत म्हणजे या लहरी १४ सप्टेंबर २०१५ ला प्रत्यक्ष पकडल्या गेल्या, आणि तो पेपर फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच 'फिजिकल रिव्ह्यू'च्या भावंडात, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. अशा लहरी कोलाहलातून वेगळ्या काढायच्या गणिती पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ तशीच वेधशाळा उभी राहायची आहे.

प्रीप्रिंट म्हणजे कच्चा पेपर का?

कच्चाच असेल असं नाही, पण परीक्षणाआधी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोसमध्ये 'आर्काइव्ह' हे अशा पेपरांचं संगणकावरचं भांडार सुरू केलं, तेव्हापासून भौतिकशास्त्रज्ञांची सकाळ तिथे नवं काय आलंय ते बघून सुरू होते. जीवशास्त्रवाल्यांनी 'बायोआर्काइव्ह' काढलं २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठी 'मेडआर्काइव्ह' आलं २०१९ च्या जूनमध्ये. पुढच्या सहा-आठ महिन्यांत करोना आला आणि प्रीप्रिंट हा शब्द घरोघरी पोचला.

जुलै २०२३ मधला एलके-९९ चा गाजावाजा आठवतो? दक्षिण कोरियातल्या गटाने आर्काइव्हवर टाकलं, की शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजनचं एक संयुग १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतं. विजेला जराही अडथळा नाही! खरं असतं तर वीज वाहून नेण्याचा सगळा धंदाच बदलला असता. पण कृती साधी होती, त्यामुळे जगभर लोकांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला गटही अगदी पहिल्यांपैकी होता. त्यांना अतिवाहकता दिसली नाही. इतरांनाही नाही. मग उलगडलं, की नमुन्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती आणि साधारण १०४ अंशांना त्याची रचना बदलते, म्हणून रोध एकदम घसरतो. जर्मनीत शुद्ध स्फटिक बनवले तेव्हा ते विद्युतरोधक निघाले.

लोक याला विज्ञानाची फजिती म्हणतात. मला तसं वाटत नाही. तीन-चार आठवड्यांत प्रकरण निकाली निघालं ते पेपर उघड्यावर होता म्हणूनच. परीक्षकांच्या टेबलावर तो सहा महिने पडून राहिला असता.

पण एवढी मोठी माणसं चुकतात कशी?

सैल वायरमुळेसुद्धा. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' प्रयोगातल्या मंडळींनी जाहीर केलं, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासोला प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. त्यांनी 'आइन्स्टाइन चुकला' असं म्हटलं नव्हतं. 'आम्हाला आमची चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' असा त्यांचा सूर होता. मथळे मात्र आइन्स्टाइनला खाली खेचूनच आले. पुढच्या वर्षी एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती असं आढळलं. शेजारच्याच 'इकॅरस' प्रयोगानेही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच मोजला.

'संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' आणि 'पाच सिग्मा' हे साध्या भाषेत सांगाल का?

सांगतो, आणि उदाहरण आपल्या पुण्याचंच घेतो.

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. तिचा पेपर २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना सांगितलं, प्रत्येक पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरं पाठवली, आणि त्यांची सरासरी निम्म्याच्या खालीच राहिली. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या. त्यातली १०२ उत्तरं बरोबर आली.

आता कुणी म्हणेल, १०२ म्हणजे शंभरपेक्षा जास्तच की! इथेच हिशेब कामाला येतो. दोनशे वेळा नाणं उडवलं तर छापा नेमका शंभर वेळा येत नाही. कधी ९४ येईल, कधी १०७. साधारण ९५ टक्के वेळा तो ८६ ते ११४ च्या मध्ये पडतो. म्हणून १०२ आणि नाणेफेक यांत फरक नाही. ११४ च्या वर उत्तरं बरोबर आली असती तर 'हं, काहीतरी आहे बुवा' असं म्हणून पुन्हा चाचणी घेतली असती. जीवशास्त्रात, वैद्यकात आणि मानसशास्त्रात नेहमीची वेस हीच: निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की 'लक्षणीय' म्हणायचं.

कणभौतिकीवाल्यांची वेस फार उंच असते, पाच सिग्मा. सिग्मा म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप, वरच्या दोनशे नाणेफेकींत साधारण सात. आपल्या दोनशे पत्रिकांच्या भाषेत बोलायचं तर साधारण १३५ बरोबर उत्तरं. योगायोगाने तसं होण्याची शक्यता ३५ लाखांत एक. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन या कणाची घोषणा झाली ती ही वेस ओलांडल्यावरच. त्यांना एवढं कडक राहावं लागतं, कारण ते एकाच वेळी हजारो ठिकाणी उंचवटा शोधत असतात आणि हजार ठिकाणी शोधलं की कुठेतरी योगायोग सापडतोच.

या सापळ्याचं माझं आवडतं उदाहरण मेलेल्या माशाचं. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाला काय वाटत असेल असं विचारलं. हजारो ठिपक्यांचं विश्लेषण नेहमीच्या ढिल्या पद्धतीने केलं, तर माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली! योग्य दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. त्यांना २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं. चेष्टेतलं पारितोषिक आहे, पण धडा खणखणीत.

पेपरात 'पुरावा' लिहिलेलं असतं आणि बातमीत 'शोध लागला'. यात एवढा काय फरक?

पुष्कळ. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तिथून स्पंदकांचे, म्हणजे नेमाने ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके वर्षानुवर्षं मोजणारा भारतीय गट युरोपीय गटाबरोबर काम करतो. २९ जून २०२३ ला त्यांनी आणि इतर देशांतल्या गटांनी एकाच दिवशी निकाल मांडले: अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या सततच्या गुणगुणण्याची खूण दिसते आहे. भारत-युरोप गटाचा आकडा तीन सिग्माच्या आसपास होता. म्हणून त्यांनी 'पुरावा' म्हटलं, 'शोध' म्हटलं नाही. त्यांच्या जगात हे दोन शब्द तहसीलदार आणि कलेक्टर यांच्याइतके वेगळे आहेत.

एप्रिल २०२५ मधली के२-१८बी ग्रहाची बातमी याच्या उलट टोकाची. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड असल्याच्या खुणा सांगितल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांमुळे तयार होतो. इथेही तीन सिग्माच. पेपरात सावध शब्द होते, पण आपल्याकडे 'भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाला परग्रहावर जीवसृष्टी सापडली' इथवर मजल गेली. नंतर इतरांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतींनी तपासले, तेव्हा खूण बरीच फिकी पडली.

हळदीने कॅन्सर बरा होतो असे शेकड्याने पेपर आहेत म्हणे. मग डॉक्टर का देत नाहीत?

पेपर आहेत हे खरं. बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवरचे किंवा उंदरांवरचे आहेत. बशीतल्या कर्करोगाच्या पेशी ब्लीचनेही मरतात. प्रश्न असतो तो पदार्थ माणसाच्या पोटातून रक्तात आणि रक्तातून गाठीपर्यंत पुरेसा पोचतो का, आणि बाकीच्या शरीराला इजा न करता काम करतो का. हळदीतलं करक्युमिन इथेच अडतं. ते अस्थिर आहे, रक्तात फारच थोडं शोषलं जातं. शिवाय ते स्वतः चमकतं आणि भलत्याच प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या काही चाचण्या उगाचच 'होय' म्हणतात. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'तल्या एका सविस्तर आढाव्यात हे सगळं मांडलं आहे. नीट दुहेरी अंध चाचण्यांमध्ये (कुणाला औषध दिलं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही) करक्युमिन यशस्वी ठरल्याचं त्या लेखकांना आढळलं नाही.

म्हणून बातमी वाचताना आधी बघायचं: प्रयोग कुणावर? पेशी, उंदीर की माणूस? माणसं असतील तर किती?

हळदीचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगतो. हळद जखमेवर लावण्याबद्दल १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळालं होतं. आपल्या आज्या काय करत होत्या मग? पण पेटंट कार्यालयासमोर आजीची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने संदर्भ खणून काढले. त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. चव्वेचाळीस वर्षं कपाटात पडून राहिलेला लेख असा कामी आला.

'आंबोलीत नवी प्रजाती सापडली' अशा बातम्या येतात. गावकऱ्यांनी तर ते प्राणी कायम पाहिलेले असतात!

बरोबर आहे. हिरण्यकेशीच्या देवळापुढच्या कुंडातला छोटा मासा भाविक पिढ्यान्‌पिढ्या बघत होते. २०२० मध्ये प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी त्याचं 'शिस्तुरा हिरण्यकेशी' असं नामकरण केलं. 'सापडली' हा शब्दच चुकीचा आहे, 'वर्णन झालं' म्हणायला हवं. त्यासाठी नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कुणालाही काढून बघता येईल. जवळच्या भावंडांपेक्षा तो कसा वेगळा, हे खवले, पर आणि पट्टे मोजून दाखवावं लागतं, हल्ली डीएनएही लागतो. आणि नाव रीतसर प्रकाशित व्हावं लागतं. पेपर छापला गेला नाही तर शास्त्राच्या दृष्टीने त्या नावाला अस्तित्व नाही.

हे कागदी सोपस्कार वाटतात, पण नाव मिळालं की संरक्षण मागता येतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. बिननावाच्या माशासाठी असा कागद निघाला नसता.

एका पेपरला पाच हजार लेखक? सगळ्यांनी एकेक शब्द लिहिला का?

२०१५ चा हिग्जच्या वस्तुमानाचा पेपर म्हणताय. ५,१५४ लेखक, ३३ पानं, त्यातली २४ नावांची आणि संस्थांची. शोधयंत्र बांधणारे, चालवणारे, आकडे चाळणारे सगळे लेखक धरतात आणि नावं वर्णानुक्रमे लावतात. जीवशास्त्रात उलट, क्रमाला फार महत्त्व: पहिलं नाव ज्याने राबून काम केलं त्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्या नावांवरून भांडणं होतात.

जीवशास्त्रातले बरेच पेपर पुन्हा करून बघता येत नाहीत, हे खरं का?

काही अंशी खरं, आणि कारणं समजून घेण्यासारखी आहेत. कर्करोगावरच्या गाजलेल्या ५३ पेपरांमधले १९३ प्रयोग पुन्हा करायचे असा एक मोठा उपक्रम अमेरिकेत झाला. २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा प्रत्यक्षात २३ पेपरांतले ५० प्रयोगच करता आले होते. सर्वांत मोठी अडचण कुठली? एकाही प्रयोगाची कृती पेपरात पुरेशी लिहिलेली नव्हती. 'चवीनुसार मीठ' म्हणणाऱ्या पाककृतींसारखं सगळं. लेखकांना विचारावं लागलं, काहींनी मदत केली, काहींनी उत्तरच दिलं नाही. जे प्रयोग झाले त्यांत परिणाम बहुधा मूळ दाव्यापेक्षा खूपच लहान निघाले.

याचा अर्थ सगळे लबाड आहेत असा नाही. जिवंत पेशी इलेक्ट्रॉनसारख्या एकसारख्या नसतात. पाणी बदललं, उंदराचं खाणं बदललं, की निकाल बदलतो. पण ठळक परिणाम दिसला तरच पेपर छापला जातो, 'काहीच फरक पडला नाही' हे कुणी छापत नाही, हा दोष माणसांचाच आहे. माझ्या मते संशोधनाच्या जगातला सगळ्यांत मोठा दोष हाच.

पेपर 'मागे घेतला' म्हणजे फसवणूक झाली असंच समजायचं का?

नाही. दोन टोकं बघा.

१९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा बारा मुलांवरचा पेपर आला. त्याने गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं, तोवर गैरप्रकार उघड झाले होते आणि वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली. ती भीती मात्र आजही व्हॉट्सॲपवर फिरते.

दुसरं टोक कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधल्या जिवाणूचं. डिसेंबर २०१० मध्ये दावा झाला, की फॉस्फरस कमी पडला तर हा जिवाणू डीएनएमध्ये आर्सेनिक वापरतो. २०१२ पर्यंत इतर प्रयोगशाळांनी तो खोडून काढला. 'सायन्स'ने तो पेपर जुलै २०२५ मध्ये मागे घेतला, लेखकांच्या विरोधाला न जुमानता. फसवणुकीचा आरोप तिथे नव्हता, निष्कर्ष आकड्यांवर उभा राहत नाही एवढंच म्हणणं होतं. मला व्यक्तिशः हे पटलं नाही. चुकीचा पेपर आणि त्याला खोडणारे पेपर शेजारी शेजारी राहिले असते तर विद्यार्थ्यांना जास्त शिकता आलं असतं. यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत.

बाकी, मागे घेण्याचं प्रमाण वाढलंय हे खरं. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले. त्यातले आठ हजारांहून अधिक एकाच प्रकाशनगृहाच्या नियतकालिकांतले होते. पैसे घेऊन पेपर पाडणारे कारखाने निघाले आहेत, त्यांचा हा माल.

मला ईमेल आलाय: 'आदरणीय प्राध्यापक, आपला पेपर सात दिवसांत छापू.' पाठवू का?

नका पाठवू. मला एकदा एका स्त्रीरोगविषयक नियतकालिकाच्या संपादक मंडळावर येण्याचं सन्मानपूर्वक आमंत्रण आलं होतं. मी आयुष्यभर प्रकाशशास्त्र शिकवलं.

आपल्याकडे हा धंदा फोफावला त्याचं कारण नियमच. बढतीला पेपर, पीएच.डी.ला पेपर. मागणी आली की दुकानं निघतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या गटाने तपासणी केली होती. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांतली १,००९ नमुन्यादाखल घेतली, निकषांना उतरली फक्त ११२. २०१८ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये आलं आणि त्यानंतर 'केअर' यादी आली. ती यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली, आता संस्थांनीच पारखायचं आहे. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही आयोगाची अट तर २०२२ च्या नियमांतच निघाली. गाईड अजून आग्रह धरत असतील तर त्यांना नम्रपणे नियम दाखवा.

पैसे घेतात म्हणजे भुरटेच, असंही नाही. वाचकांना पेपर फुकट मिळावा म्हणून लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धत चांगल्या ठिकाणीही आहे. 'नेचर'ने २०२१ मध्ये हे शुल्क ९,५०० युरो ठेवलं होतं. भुरटं ओळखायची खूण वेगळी: कुणीही काहीही न विचारता पेपर स्वीकारला, तर समजा.

इम्पॅक्ट फॅक्टर जास्त म्हणजे पेपर चांगला?

तो नियतकालिकाचा आकडा आहे, पेपरचा नव्हे. गेल्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती वेळा उद्धृत केलं, एवढंच तो सांगतो. वर्गाची सरासरी ८० टक्के असली म्हणून आपला बंड्या हुशार ठरत नाही. उद्धरणांचंही तसंच. २०१४ पर्यंत सर्वाधिक उद्धृत पेपर होता प्रथिनं मोजायच्या एका पद्धतीचा, ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा, तीन लाखांहून जास्त वेळा. उपयोगी, पण क्रांतिकारी नाही. आणि मेंडेलचा वाटाण्यांवरचा पेपर १८६६ मध्ये छापला, तो जगाच्या लक्षात आला १९०० मध्ये. आजच्या बढती समितीने मेंडेलला घरी पाठवलं असतं.

पेपर वाचायला हजारो रुपये मागतात. फुकट कुठे मिळेल?

शासकीय महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असाल तर ग्रंथालयात विचारा. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. नसाल तर पेपरचं नाव आर्काइव्हवर शोधा, भौतिकशास्त्रातलं बरंचसं तिथे असतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची 'रेझोनन्स' आणि 'प्रमाण' ही नियतकालिकं, तसंच 'करंट सायन्स' वाचायला मिळतात. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. आणि सगळ्यांत सोपा, पण कुणी न वापरणारा उपाय: लेखकाला ईमेल करा. आपला पेपर कुणीतरी मागतंय याचाच त्यांना आनंद होतो.

वाचायचा कसा? पहिल्याच पानावर डोकं गरगरतं.

पहिल्या पानापासून वाचूच नका. सारांश वाचा, मग थेट आकृत्यांवर जा. प्रत्येक आलेखात आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे, ठिपक्यांना त्रुटीच्या दांड्या (आकडा किती वर-खाली असू शकतो ते दाखवणाऱ्या रेघा) आहेत का, ते बघा. मग पद्धतीचा भाग: नमुने किती, तुलनेला कोण, कुणाला काय दिलं हे मोजणाऱ्याला माहीत होतं का. शेवटी छोट्या अक्षरांत पैसे कुणी दिले तेही लिहिलेलं असतं. प्रस्तावना आणि चर्चा सगळ्यांत शेवटी वाचा, कारण तिथे लेखक वकिली करत असतो.

चित्रं नीट बघितली जातातच असं नाही बरं का. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका परीक्षित नियतकालिकात संगणकाने बनवलेलं उंदराचं चित्र छापून आलं. अवयव अशक्य आकाराचे आणि खाली अर्थहीन अक्षरं. काही दिवसांत पेपर मागे घ्यावा लागला.

व्हॉट्सॲपवर 'जपानच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असं आलंय. दोन मिनिटांत कसं तपासू?

चार गोष्टी शोधा: शास्त्रज्ञाचं नाव, संस्थेचं नाव, नियतकालिकाचं नाव, वर्ष. चारही नसतील तर पुढे पाठवू नका. असतील तर पेपरचं शीर्षक शोधा आणि त्याच्या पानावर 'मागे घेतला' असा लाल शेरा नाही ना ते बघा. मग प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि किती जणांवर, हे सारांशातच सापडतं. माझ्या मेव्हण्याला हे शिकवल्यापासून त्याचे मेसेज निम्म्यावर आलेत. उरलेल्यांतले बहुतेक गुडघेदुखीवरचे असतात, ते मी वाचतो.